खुलासा : मुंबईच्या गोद्या विकलेल्या नाहीत

'मुंबई बंदर बंद झालं, सगळ्या गोद्या बुजवून जागा बिल्डरांना विकली, तिथे कार्यालयं, बागा, पर्यटन येणार, आता भाऊचा धक्काही जाणार' असा मेसेज अलिबाग-रेवसच्या ग्रुपवर फिरतोय. मंगळवारी मीही तो पुढे पाठवला. चूक झाली, माफ करा.

बुजवल्या त्या दोनच गोद्या, १८८० ची प्रिन्सेस आणि तिच्या शेजारची व्हिक्टोरिया. त्याही कंटेनर टर्मिनलसाठी, टॉवरसाठी नव्हे. १९१४ ची अलेक्झांड्रा, म्हणजे आजची इंदिरा गोदी, चालू आहे. बंदरातल्या जवाहर द्वीप या बेटाला तेलाची जहाजं लागतात.

मेसेजमधली कार्यालयं, बागा, पर्यटन ही कल्पना २०१८ मध्ये जाहीर झालेल्या मुंबईच्या पूर्व किनाऱ्याच्या प्रारूप आराखड्यातली आहे. आराखडा म्हणजे जागा कशासाठी वापरायची याचा प्रस्ताव, खरेदीखत नव्हे. बंदराची जमीन भाडेपट्ट्याने देतात. भाऊच्या धक्क्याचं म्हणाल, तर मांडव्याची रो-रो, म्हणजे गाड्याही नेणारी बोट, २०२० मध्ये तिथूनच सुरू झाली.

कोळी बांधवांची आणि गोदी कामगारांची काळजी मला रास्तच वाटते. मासे उतरवायला जागा किती राहणार, हे विचारायलाच हवं. पण त्यासाठी हा मेसेज नको. कृपया तो पुढे पाठवू नका, आणि जिथे पाठवला असेल तिथे हा खुलासा टाका.