पंचवीस सेंटांची शिस्त

गोवा सरकारने २०२४ मध्ये अनामत परतावा योजना अधिसूचित केली, तेव्हापासून आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर चतुर्थीच्या खर्चाइतकाच हा विषय तापतो. बाटली, कॅन किंवा वेफर्सचं पाकीट घेताना किमतीवर थोडी अनामत मोजायची आणि रिकामं वेष्टन परत केलं की ती परत घ्यायची, एवढीच ती योजना. उत्पादक आणि व्यापारी नाराज आहेत, आणि सगळ्यांचंच म्हणणं टाकाऊ नाही. माझ्या चुलतभावाचं डिचोलीच्या बाजारात किराणा दुकान आहे. तो म्हणतो, "पावसात तांदळाची पोती कोरडी ठेवायला जागा नाही, तुझ्या चिकट बाटल्या कुठे रचू? मुंग्या येतील, मग घुशी येतील." काकांचा मुद्दा वेगळा: "जर्मनीत चालतं ते इथे चालायचं नाही. तिथे लोकांना शिस्त आहे."

भावाचा प्रश्न खरा आहे, त्याच्याकडे येतोच. काकांचं मात्र मला अजिबात पटत नाही.

मी श्टुटगार्टला राहतो. जर्मन शिस्त बघायची असेल तर उन्हाळ्यातल्या एखाद्या शनिवारी रात्री शहराच्या मधल्या बागेत यावं. गवतात सिगारेटची थोटकं, पिझ्झ्याचे खोके, सॉसने माखलेले कागद. आपल्या कळंगुटच्या किनाऱ्यावर सोमवारी सकाळी दिसतं त्याहून फार वेगळं नाही. पण बाटली आणि कॅन शोधून सापडत नाही. पिणारा ते कचराकुंडीच्या बाहेर, पायथ्याशी ठेवून जातो; पिशवी घेऊन फिरणाऱ्या एखाद्या आजोबांना कुंडीत हात घालावा लागू नये, हा त्यामागचा विचार. पेन्शनीत भागत नाही अशी बरीच म्हातारी माणसं इथे रात्री हे काम करतात. प्लास्टिकच्या एकदाच वापरायच्या बाटलीला पंचवीस सेंट, कॅनलाही तेवढेच. आठ गोळा केल्या की दोन युरो. थोटकाला कुणी एक सेंट देत नाही, म्हणून थोटूक गवतातच राहतं. माणसं तीच, रात्र तीच.

आणि हे काही इथे सुखासुखी आलेलं नाही. १ जानेवारी २००३ ला सक्तीची अनामत सुरू झाली, त्याआधी दुकानदार आणि पेयकंपन्या कोर्टात गेल्या होत्या. सुरू झाल्यावर पहिली तीन वर्षं नुसता गोंधळ. काही दुकानसाखळ्यांनी स्वतःच्या वेगळ्या आकाराच्या बाटल्या काढल्या आणि दुसऱ्याच्या घ्यायला नकार दिला. २००६ मध्ये ती पळवाट बंद केल्यावर गाडं रुळावर आलं. आज अनामत असलेल्या शंभरातल्या पंच्याण्णवाहून जास्त बाटल्या परत येतात. तेव्हा गोव्यात पहिल्या सहा महिन्यांत घोळ झालाच, तर "बघा, म्हटलं नव्हतं?" असं म्हणायची घाई नको.

आता दुसरी बाजू, कारण परदेशात राहणाऱ्याने फक्त तिथलं चकचकीत तेवढं सांगणं मला आवडत नाही. बाटली सोडली तर जर्मनीचं बाकीचं प्लास्टिक पिवळ्या पिशवीत जातं आणि लोक निर्धास्त होतात. त्यातलं बरंच भट्टीत जाळून वीज आणि ऊब काढली जाते. बरंच वर्षानुवर्षं जहाजांत भरून चीनला जात होतं. २०१८ च्या सुरुवातीला चीनने दार लावलं, मग ते मलेशियाला जाऊ लागलं, मग तुर्कस्तानला. तिथल्या अडाना भागात रस्त्याकडेच्या जळक्या ढिगांत युरोपीय दुकानांची वेष्टनं सापडली. भारताने २०१९ मध्ये प्लास्टिक कचऱ्याच्या आयातीवर बंदी घातली, ते उत्तम झालं. स्वतःचा केर शेजाऱ्याच्या अंगणात लोटणाऱ्याला आपण स्वच्छ म्हणत नाही, मग देशाला का म्हणावं?

आणि वेफर्सचं पाकीट? जर्मनीत त्याला अनामत नाही. गोव्याच्या योजनेत बाटल्या आणि कॅनसोबत बहुस्तरीय वेष्टनंही धरली आहेत. घरच्या वादात हा मुद्दा कुणीच काढत नाही, आणि मला वाटतं सगळी ग्यानबाची मेख तिथेच आहे.

कारण पाण्याच्या बाटलीला आपल्याकडे आजही किंमत आहे. भंगारवाला ती घेतो. हुर्राकाच्या, म्हणजे काजूच्या ताज्या दारूच्या, दिवसांत तर रिकामी बाटली घरात टिकत नाही, गावातून हुर्राक आणायला तीच लागते. गटारात, व्हाळात राहतं ते ज्याला कुणी विचारत नाही: चिप्सचं आतून चंदेरी पाकीट, शाम्पूची पुडी, गुटख्याची पुडी. प्लास्टिक आणि ॲल्युमिनियमचे पातळ थर एकमेकांना असे चिकटवलेले असतात की ते सुटे करणं परवडत नाही. वितळवून नवं काही करावं तर तेही जमत नाही. साळगावच्या कचरा प्रकल्पात असल्या मालाचे गठ्ठे बांधून कर्नाटकातल्या सिमेंट कारखान्यांच्या भट्टीत पाठवतात. ढिगात कुजण्यापेक्षा बरं, पण तेही जाळणंच. आणि तिथपर्यंत पोचतं ते गोळा झालेलं. उरलेलं माघ-फाल्गुनात परसात पातेऱ्याबरोबर, म्हणजे गळलेल्या सुक्या पानांबरोबर, पेटवलं जातं. पातेऱ्याच्या मंद धगीत पीव्हीसीसारखं क्लोरिन असलेलं प्लास्टिक सापडलं तर डायॉक्सिन नावाची विषारी द्रव्यं तयार होतात, आणि तो धूर शेजारच्या बाळंतिणीच्या खोलीत जातो. मडगावच्या कचऱ्याचा सोनसोड्याचा ढीग मे २०१९ मध्ये पेटला तेव्हा सगळ्यांनी नाकाला रुमाल लावले. परसातल्या छोट्या सोनसोड्यांबद्दल पंचायतीत कुणी बोलत नाही.

माझ्या मामाची चोडणला खाजन जमीन आहे, म्हणजे बांध घालून भरतीच्या पाण्यापासून राखलेलं शेत. बांधाला पाणी आत-बाहेर करणारी जी मोरी, म्हणजे मानस, असते, तिचं दार भरतीच्या दाबाने आपोआप मिटतं आणि ओहोटीला उघडून आतलं पाणी बाहेर सोडतं. विजेशिवाय, माणसाशिवाय. गेल्या खेपेला गेलो तेव्हा मामा गुडघाभर चिखलात उभा राहून दाराच्या फटीतून काहीतरी ओढत होता. चिंबलेली पाकिटं, दोरीचा गुंता आणि दुधाच्या पिशव्या, सगळं शेवाळाने एकजीव झालेलं. दार चार बोटं उघडं राहिलं की भरतीचं खारं पाणी शेतात शिरतं आणि भात जातं. त्या गुंत्यात बाटली एकही नव्हती.

म्हणून माझी धास्ती वेगळी आहे. योजना बारगळेल याची नाही. तडजोड होऊन "बाटल्या घेतो, पाकिटं वगळा" असं ठरेल याची आहे. मग जर्मनीची हुबेहूब नक्कल होईल, फोटो छान येतील, आणि मामा मानशीत तसाच उभा राहील.

राहिला भाऊ. जर्मनीत दोनशे चौरस मीटरपेक्षा लहान दुकानाला फक्त स्वतः विकत असलेल्या ब्रँडच्याच बाटल्या घ्याव्या लागतात, एवढी सूट त्यालाही मागता येईल. नॉर्वे आणि स्वीडनमध्ये तर परत घेतलेल्या प्रत्येक नगामागे दुकानदाराला हाताळणीचे पैसे मिळतात. शिवाय जी बाटली परत येतच नाही तिची अनामत कुठे जाते, हेही विचारायला हवं. जर्मनीत ती पेयकंपनीकडेच राहते, आणि इथल्या कंपन्या त्याबद्दल तोंडातून चकार शब्द काढत नाहीत. गोव्यात तर पर्यटक निम्म्या बाटल्या खोलीवर टाकून विमानात बसणार. तो पैसा वाड्यावाड्यांवर संकलनाची शेड उभारायला आणि भंगार वेचणाऱ्यांना रीतसर मजुरी द्यायला लागला, तर भावाच्या पोत्यांना कुणी हात लावणार नाही. व्यापारी संघटनेच्या पुढच्या सभेत योजनेला नकार देण्याऐवजी त्याने या मागण्या लेखी द्याव्यात, असं मी त्याला कळवलंय. त्याचं उत्तर आलं: "मजकूर तूच लिहून पाठव." तो लिहायला घेतला आहे.