ओपन-बॅक रस्त्यावर नकोच

‘चांगला आवाज हवा असेल तर चालतानाही ओपन-बॅकच घ्या’ हे हेडफोनवरच्या लेखातलं वाक्य मला अजिबात पटलं नाही. ओपन-बॅक म्हणजे ज्याच्या कपांची मागची बाजू उघडी, जाळीदार असते तो हेडफोन. सेनहायझरचा एचडी ६०० हा असाच हेडफोन मी घरी वर्षानुवर्षं ऐकतोय आणि तो मला जिवापाड आवडतो. पण बाहेर? रहदारीची घरघर थेट आत येते, सगळ्यात आधी गाण्यातला खर्ज बुडतो, मग आपण आवाज वाढवत राहतो आणि भुर्दंड कानांना. शिवाय तो ३०० ओहमचा, म्हणजे जास्त विद्युतरोधाचा, नुसत्या फोनवर धड खुलत नाही. शेजारून जाणाऱ्यालाही आपलं गाणं ऐकू जातं, ते वेगळंच.

क्लोज्ड-बॅकची, म्हणजे मागून बंद कपांच्या हेडफोनची, खरी अडचण मात्र लेखात आलीच नाही: कान बंद झाले की प्रत्येक पावलाची धप्प धप्प डोक्यात घुमते. वायरवाला असेल तर कपड्यांना घासणाऱ्या वायरची खरखरही. म्हणून दुकानात बसून ऐकू नका, घालून शंभर पावलं चाला. आणि नजरेत न भरणारा हवा असेल तर आरशात समोरून बघा. कप किती मोठा यापेक्षा तो कानापासून किती बाहेर येतो, तेच डोळ्यात खुपतं.