‘सॉरी म्हण’ची एवढी घाई का? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार काकू,

इतकं सविस्तर लिहिलंत, मनापासून आभार. भावंडांचं भांडण झालं की लगेच ‘सॉरी म्हण, गळ्यात पड’ असं करायला लावू नये, हे माझं म्हणणं तुम्हाला परदेशी खूळ वाटलं. आमच्या वेळी दोन रट्टे बसले की पोरं परत खेळायला लागत, असं तुम्ही लिहिलंय. आणि राग सोडायला आत्ताच शिकवलं नाही, तर हीच भावंडं उद्या बांधावरून कोर्टात जातील, ही तुमची खरी काळजी.

दोन-तीन वर्षांची पोरं चटकन विसरतात, हे मान्यच. पण रट्ट्याने राग जात नाही, तो फक्त आपल्यासमोर दिसेनासा होतो आणि नंतर चिमट्यांतून निघतो.

दिवाळीतला किल्ला घ्या. सहा वर्षांच्या ताईने खपून बुरूज लिंपलेत, मोहरी पेरलीय, आणि चार वर्षांच्या धाकट्याने त्यावर उडी मारली. ताईने त्याला धपाटा घातला. आपण काय म्हणतो? ‘अगं, लहान आहे तो, मुद्दाम नाही केलं त्याने.’ ज्याँ पियाजे या मानसशास्त्रज्ञाने मुलांना दोन गोष्टी सांगितल्या होत्या: एकाच्या हातून चुकून १५ कप फुटले, दुसऱ्याकडून चोरून जॅम घेताना एकच फुटला. जास्त वाईट कोण? लहान मुलांपैकी बऱ्याच जणांनी १५ कपवाल्याकडे बोट दाखवलं. १९३२च्या त्याच्या पुस्तकात हे आहे. त्या वयात आधी नुकसान दिसतं. त्यामुळे ‘मुद्दाम नाही केलं’ ऐकून ताईला एवढंच कळतं, की माझ्या किल्ल्याची इथे कुणाला किंमत नाही.

म्हणून आधी दोघांचे हात धरून थांबवायचं. मारायचं नाही, मोडायचं नाही, यात मी कुणालाच सूट देत नाही. मग ताईजवळ बसायचं. ‘केवढा छान लिंपला होतास गं! राग येणारच.’ बस, पुढे उपदेश नको. रडं ओसरलं की धाकट्याला कामाला लावायचं: घमेल्यात माती आण, मावळे गोळा कर. तोंडाने सॉरी म्हणण्यापेक्षा हे त्याला जास्त कळतं. त्याने किल्ल्याला हात लावायचा की नाही, हे मात्र ताई ठरवेल.

आणि परदेशी कशाला, आपल्याकडे ताटीचे अभंग आहेतच की. लोकांच्या बोलण्याने दुखावलेल्या ज्ञानेश्वरांनी ताटी लावून घेतली, तेव्हा धाकटी मुक्ता बाहेर उभी राहून समजावत राहिली, अशी कथा आपण ऐकत आलोय. तिने ताटी ढकलली नाही. मला तिच्या शब्दांइतकंच तिचं ते थांबणं मोलाचं वाटतं.

बांधावरच्या भांडणांबद्दल म्हणाल, तर तिथे ‘लहानपणापासून मीच समजून घ्यायचं’ हे वाक्य मी फार वेळा ऐकलंय. माफ करायची सवय लागली नाही म्हणून नव्हे, आपली बाजू कधी कुणी ऐकलीच नाही म्हणून माणसं तिथवर जातात, असं मला वाटतं.

रात्रीपर्यंत कट्टी राहिली तर, असंही तुम्ही विचारलंत. राहू द्या. जेवायला दोघांना बरोबर बसवा, पण ‘बट्टी घ्या’ म्हणून मागे लागू नका. झोपताना ताईशी एकटीशी बोला, ‘धाकट्याला तुला काही सांगायचंय का?’ असं विचारा. फक्त आल्या-गेल्यासमोर ‘बघा कशी फुगून बसलीय’ असं हसण्यावारी नेऊ नका, त्याने अबोला हमखास लांबतो.