शहाण्याने बिलाची आठवण करू नये

गेल्या आठवड्यात आयकराचे विवरणपत्र भरण्यासाठी फॉर्म २६एएस, म्हणजे आपल्या नावावर जमा झालेल्या कराचा सरकारी तक्ता, उघडला, तेव्हा एका क्लायंटच्या नावापुढे माझ्या बिलाचे ६८,००० रुपये आणि त्यावर कापलेला ६,८०० रुपयांचा टीडीएस अगदी सुवाच्य दिसला. म्हणजे आठ महिन्यांपूर्वी मी केलेल्या १४० पानी तांत्रिक पुस्तिकेच्या अनुवादाचे बिल त्या कंपनीच्या वह्यांत रीतसर नोंदले गेले, त्यावरचा कर कापला गेला, तो सरकारजमाही झाला. उरलेले ६१,२०० रुपये तेवढे माझ्या खात्यापर्यंत चालत यायचे राहिले. सरकारला माझे बिल मिळाले आहे. मला मात्र अकाउंट्स विभागाने परवाच कळवले की बिल ट्रेस होत नसल्याने कृपया ते पुन्हा पाठवावे.

या अनुभवाने मी बरीच सुज्ञ झाले असून, फ्रीलान्सिंगमध्ये नव्याने उतरणाऱ्यांना माझ्यासारखेच समाधान लाभावे म्हणून काही सूचना करीत आहे.

काम घेताना लेखी करार मागू नये. करारात रक्कम, मुदत आणि सह्या असतात, आणि अशा कागदाच्या आधारे ठरलेल्या रकमेसाठी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३७ खाली समरी सूट, म्हणजे झटपट निकालासाठीचा दावा, दाखल करता येतो. त्यात समन्स मिळाल्यापासून १० दिवसांत प्रतिवादीला हजर व्हावे लागते आणि स्वतःचा बचाव करण्यासाठी आधी न्यायालयाची परवानगी मागावी लागते. ज्या गृहस्थाने आपल्याला चहा पाजून "आपल्यात कसला आलाय कागद" असे प्रेमाने म्हटले, त्याच्यावर परवानगी मागण्याची वेळ आणणे शोभते का?

आगाऊ रक्कम मागू नये. ती सुताराने, गवंड्याने आणि मांडववाल्याने मागावी, कारण त्यांना पोट असते.

पैशांची आठवण नेहमी फोनवर करावी, ईमेलवर कधीही नाही. अशा वसुलीचा दावा मुदतीच्या कायद्यानुसार साधारणपणे ३ वर्षांच्या आत लावावा लागतो, पण ती मुदत संपण्यापूर्वी देणेकऱ्याने सहीनिशी लेखी कबुली दिली, तर त्या तारखेपासून मुदत नव्याने मोजली जाते. "थोडी अडचण आहे, तुमची रक्कम पुढच्या महिन्यात नक्की देतो" हे वाटाण्याच्या अक्षता म्हणून लिहिलेले वाक्यच उद्या त्याच्या गळ्यात पडू शकते. फोनवर असला धोका नाही, शिवाय "सर मीटिंगमध्ये आहेत" हे उत्तर ३ वर्षे सहज पुरते.

चेक मिळाला आणि वटला नाही, तर तो देव्हाऱ्यात ठेवून द्यावा. बँकेने कळवल्यापासून ३० दिवसांत नोटीस, त्यानंतर पैसे भरायला १५ दिवस आणि तरीही न भरल्यास पुढच्या महिन्याभरात तक्रार, असला कलम १३८ चा हिशेब ठेवणे हे वाण्याचे काम आहे.

पोलीस चौकीत अवश्य जावे. तेथे "हे सिव्हिल मॅटर आहे" असे सांगितले जाईल, आणि सुरुवातीपासून फसवण्याचाच हेतू होता असे दाखवता येत नसेल तर ते बहुधा बरोबरही असते. ग्राहक आयोगाकडे गेल्यास आणखी मौज येते, कारण आयोग ग्राहकाच्या बाजूने असतो आणि या व्यवहारात ग्राहक तो आहे.

आता सगळ्यात महत्त्वाचे. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, चुकूनही करू नये. ती फुकट आहे, आधार आणि पॅनवर घरबसल्या होते, सेवा देणाऱ्या एकट्या माणसालाही मिळते. एवढ्या गुणांवरूनच ती संशयास्पद ठरते. काम घेण्यापूर्वीच ती नोंदणी केलेली असली, तर एमएसएमई (सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग) विकासाचा २००६ सालचा कायदा आपल्या बाजूला येऊन उभा राहतो. त्याच्या कलम १५ प्रमाणे सूक्ष्म आणि लघुउद्योगांचे पैसे करारात ठरलेल्या तारखेला, पण कसेही करून काम स्वीकारल्यापासून ४५ दिवसांच्या आत द्यावे लागतात, आणि तारीखच ठरलेली नसेल तर १५ दिवसांत. "आमच्याकडे ९० दिवसांची पॉलिसी आहे" असे सांगणाऱ्या त्या तरुण अकाउंटंटला हे ठाऊक नसते, आणि ठाऊक असल्यास तो आपल्याला ते सांगत नाही. पैसे थकले की कलम १६ प्रमाणे रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने व्याज चढते, तेही दरमहा चक्रवाढीने, आणि करारात "व्याज देणार नाही" असे लिहून घेतलेले असले तरीही. त्या व्याजाची आयकरात वजावटही मिळत नाही.

शिवाय कामाबद्दल काही तक्रार असेल, तर ती काम मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी कळवायची असते. नाही कळवली तर काम स्वीकारले असे कायदा धरून चालतो. पंधरा दिवस! माझ्या क्लायंटला मराठी भाषेची जाण पाचव्या महिन्यात आली, म्हणजे नेमकी माझ्या सहाव्या स्मरणपत्रानंतर. तोपर्यंत पुस्तिका छापून झाली होती, कारखान्यात वाटून झाली होती, आणि तिच्या प्रकाशनाचा फोटो त्यांच्याच पानावर झळकला होता. त्या फोटोत व्यवस्थापकांच्या हातात जे पान उघडे आहे, त्यावर "टॉर्क पाना" हा शब्द मला वाचता आला. रेंचला नुसते रेंच म्हणावे की कामगार रोज म्हणतात तसा पाना म्हणावे, यासाठी मी अर्धा दिवस दोन जुन्या फिटरांशी बोलले होते. त्या अनुवादाचा कॉपीराइट मी त्यांना सहीनिशी लिहून दिलेला नाही, आणि कॉपीराइट कायद्याच्या कलम १९ प्रमाणे तसे लिहून दिल्याशिवाय तो हस्तांतरित होत नाही. मी त्यांची नोकर नाही, त्यामुळे तो अनुवाद अजून माझाच आहे. आणि हे मला सांगणार की भाषा "थोडी जड" झाली आहे, म्हणून पेमेंट होल्डवर आहे!

एमएसएमई कायद्याखालीच थकलेल्या पैशांसाठी राज्याच्या सुविधा परिषदेकडे ऑनलाइन अर्ज करता येतो. आधी समेटाचा प्रयत्न होतो, तो फसला तर लवाद, आणि सगळे ९० दिवसांत संपावे असे कायदा म्हणतो. कायद्यातले दिवस आणि कॅलेंडरातले दिवस यांची ओळख नसते, हे खरे. पण निवाडा आपल्या बाजूने लागला, तर त्याला आव्हान देण्यापूर्वी त्या कंपनीला ७५ टक्के रक्कम न्यायालयात भरावी लागते. त्यात आयकर कायद्यातही २०२३ साली दुरुस्ती झाली: सूक्ष्म आणि लघुउद्योगांचे पैसे कलम १५ च्या मुदतीत दिले नाहीत, तर प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत त्या खर्चाची वजावट मिळत नाही. टीडीएस भरून वह्यांत खर्च टाकला की काम भागले, असे माझ्या क्लायंटला वाटले असावे. भागलेले नाही, साहेब.

आणि माझी उद्यम नोंदणी दोन वर्षांपूर्वीची आहे. प्रमाणपत्र कपाटात होते. आठ महिने ते तसेच राहिले, कारण मला वाटत होते की नोटीस पाठवली तर संबंध बिघडतील. कोणते संबंध? मी पहाटेपर्यंत जागून पाने पाठवायची आणि यांनी माझा नंबर पाहून फोन खाली ठेवायचा, हेच ना? "सर, काही अपडेट?" असे मी लिहिले, त्यापुढे हात जोडलेले चित्र टाकले, सणाच्या शुभेच्छांच्या आडून बिलाची आठवण केली. स्वतःच्या कमाईसाठी असले तोंड वेंगाडणे मला कोणी शिकवले नव्हते. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, ही म्हण तेवढी लहानपणापासून ऐकली होती. पैसे बुडवणाऱ्यांनी ती म्हण कधी मनावर घेतली नाही, कारण ती त्यांच्या सोयीचीच आहे. आपण मात्र तिला संस्कार समजून बसलो आणि भिडेपोटी मुदती घालवत राहिलो. महिन्याच्या महिन्याला स्वतःचा पगार ज्याला वेळेवर मिळतो, त्या माणसाने माझे बिल आठ महिने टेबलावर ठेवावे आणि वर मलाच "जरा समजून घ्या" म्हणावे, याला दुसऱ्याच्या कष्टावर डल्ला मारणे म्हणतात, आणि तसे तोंडावर सांगायला मला इतके दिवस लागले याची मला जास्त लाज वाटते.

बिल पुन्हा पाठवा म्हणाला होतात. काल स्पीड पोस्टाने आणि ईमेलने, दोन्हीकडून पाठवले आहे. या वेळी सोबत वकिलाचे पत्र, २६एएसची प्रत आणि महिनावार व्याजाचा तक्ता आहे.