लाँचवर फ्री वाय-फाय, म्हणे!

बामणोलीला लाँचवर ठसठशीत पाटी: 'फ्री वाय-फाय'. दांड्याला सुतळीनं बांधलेला राऊटर, पाणी उडू नये म्हणून वर दुधाची रिकामी पिशवी, आणि हिरवा दिवा असा लुकलुकतोय जणू लग्नघर! अहो, त्या डबीतही सिमकार्डच आहे ना? वाय-फाय म्हणजे काय हवेतून आपोआप नेट पैदा होतं? शिवसागराच्या, म्हणजे कोयना धरणाच्या जलाशयाच्या, दोन्ही अंगांना सह्याद्री छाताडावर उभा. माझ्या मोबाईलला जो टॉवर दिसत नाही, तो हिला काय कोयनेच्या तळातून दिसणार?

पासवर्डचा तर वेगळाच तमाशा. लाँचवाले मामा म्हणतात, "पोराला माहितीये." पोरगं कुठंय? तापोळ्याला. "फोन लावून विचारा की." कसा लावू, मामा? हाक मारून?

मग कुणाच्या फोनवर एखादी काडी दिसली की सगळी लाँच त्या गरिबावर तुटून पडते. "भाऊ, जरा हॉटस्पॉट द्या की!" दिला, की एकजण रील चढवतो, दुसऱ्याला नेमकी आत्ताच ऑफिसची मीटिंग आठवते. रविवारी! वासोटा किल्ल्याचा पायथा यायच्या आत भाऊच्या बॅटरीनं राम म्हटलेला असतो. आभार? ते कुणी मानत नाही, वर "तुमचं नेट लई स्लो हाय" हे ऐकून घ्यायचं.

आणि पैसे देताना कळस. क्यूआर कोड समोर, स्क्रीनवर चक्री फिरतेय, फिरतेय. मामा थंडपणे, "इथं नेट नसतंय, रोख द्या." हे चढताना सांगायला काय झालं होतं? का एटीएम ठेवलंय पलीकडच्या जंगलात, वाघाच्या शेजारी?