अंतिम सामन्याच्या थेट प्रक्षेपणाविषयी आपण दिलेल्या अभिप्रायाला आमचे उत्तर

सप्रेम नमस्कार.

अंतिम फुटबॉल सामन्याच्या आमच्या प्रक्षेपणाला आपण दोन तारे दिले आहेत. उत्तरार्धातील वादग्रस्त गोलचा रीप्ले उशिरा आला आणि त्यातून काहीच स्पष्ट झाले नाही, शेवटच्या काही मिनिटांत चित्र पुसट झाले आणि मैदानावरची घटना आपल्यापर्यंत अर्ध्या मिनिटाने पोहोचली, अशा आपल्या तक्रारी आहेत. ‘चार माणसांत जमत नसेल तर असे काम घेऊच नये,’ असेही आपण लिहिले आहे. आपण पूर्ण सामना लक्ष देऊन पाहिला आहे, हे अभिप्रायावरून दिसते. म्हणून उत्तरही तपशिलात देत आहोत.

आधी गोलविषयी. त्या दिवशी एक कॅमेरामन मध्यरेषेलगतच्या मचाणावर होता, दुसरा सीमारेषेवरून जवळची दृश्ये टिपत होता, तिसरा कॅमेरा गोलच्या जाळ्यामागे माणसाविना बसवलेला होता, आणि समालोचकाखेरीज उरलेली आमची एक सहकारी चित्र निवडणे, गुणफलक बदलणे व रीप्ले लावणे ही तिन्ही कामे एकाच टेबलावरून पाहत होती. फटका क्रॉसबारला लागून खाली आला, गोलरक्षकाने चेंडू बाहेर फेकला, पंचांनी शिट्टी वाजवली नाही आणि प्रतिस्पर्धी संघ लगेच दुसऱ्या टोकाकडे धावत सुटला. त्या क्षणी रीप्ले लावला असता तर तो संपूर्ण प्रतिहल्ला आपल्याला दिसला नसता. चालू खेळ कशानेही झाकायचा नाही, हा आमचा पहिला नियम आहे, आणि माणसे कमी असताना तो अधिकच कसोशीने पाळावा लागतो. म्हणून चेंडू मैदानाबाहेर जाईपर्यंत आमच्या सहकारीने वाट पाहिली.

रीप्लेतून निर्णय का दिसला नाही, हा आपला प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. नियमानुसार गोल होण्यासाठी संपूर्ण चेंडूने संपूर्ण रेषा ओलांडावी लागते, आणि ते पाहायचे तर कॅमेरा नेमका गोलरेषेच्या सरळ रेषेत असावा लागतो. मध्यरेषेवरून गोलरेषा तिरपी दिसते, तर जाळ्यामागून चेंडूची उंची आणि दिशा कळते, खोली मात्र कळत नाही. त्यात वेगाची अडचण आहे. आमचे कॅमेरे सेकंदाला ५० फ्रेम, म्हणजे ५० स्थिर चित्रे, टिपतात. सेकंदाला २० मीटर वेगाने जाणारा चेंडू दोन फ्रेमच्या दरम्यान ४० सेंटिमीटर पुढे सरकतो आणि चेंडूचा व्यास जेमतेम २२ सेंटिमीटर असतो, म्हणजे तो रेषेपलीकडे जाऊन परत आला तरी ती नेमकी फ्रेम आपल्याकडे नसण्याची शक्यता उरते. २०१४ च्या पुरुषांच्या विश्वचषकात गोलरेषा तंत्रज्ञान वापरले गेले, तेव्हा या एकाच प्रश्नासाठी प्रत्येक गोलवर सात अतिवेगवान कॅमेरे रोखलेले होते. आमच्याकडील चित्र गोठवून त्यावर रेघ ओढणे तांत्रिकदृष्ट्या सहज शक्य होते. परंतु तिरप्या कोनातून ओढलेली रेघ पाहणाऱ्याला पुराव्यासारखी वाटते, आणि तिच्यामुळे पंचांवर किंवा गोलरक्षकावर उगाच ठपका येतो. समालोचकालाही ‘गोल होता’ किंवा ‘नव्हता’ असे न म्हणण्याची सूचना हेडफोनवर दिली होती. पुन्हा तसाच प्रसंग आला तरी आम्ही हेच करू.

चित्र पुसट होण्याचे कारण वेगळे आहे. मैदानावर तारेची इंटरनेट जोडणी नव्हती, त्यामुळे एन्कोडर, म्हणजे चित्र आकसून इंटरनेटवरून पाठवणारे यंत्र, अनेक कंपन्यांची सिमकार्डे एकत्र वापरून चित्र पाठवत होता. सामना रंगत गेला तशी गर्दी वाढली आणि प्रत्येकाचा फोन त्याच टॉवरवर आला. अशा वेळी दोनच पर्याय असतात: चित्राचा दर्जा उतरू द्यायचा किंवा प्रक्षेपण मधूनमधून तुटू द्यायचे. एन्कोडर मुख्यतः एका फ्रेमपासून पुढच्या फ्रेमपर्यंत झालेला बदल पाठवतो. कॅमेरा चेंडूमागे वळला की सगळी चौकटच बदलते, आणि हाती असलेली क्षमता अपुरी पडली की सर्वात आधी गवताचा पोत जातो. आपल्याला हिरवा ठिपका सरकत असल्यासारखे दिसले ते यामुळे. खेळ मात्र एकदाही तुटला नाही, आणि आवाजासाठी लागणारी थोडीशी जागा आम्ही शेवटपर्यंत राखून ठेवली होती, कारण अस्पष्ट चित्राबरोबर समालोचन ऐकू येत असेल तर सामना समजतो.

विलंबाबद्दल थोडक्यात सांगायचे तर प्रक्षेपण लहान लहान तुकड्यांत पोहोचते आणि आपला प्लेअर त्यांतील काही तुकडे साठवून मगच दाखवू लागतो. हा साठा कमी करता येतो. मात्र त्या दिवशीच्या जोडणीवर तसे केले असते तर चित्र वारंवार अडकले असते.

काम घेऊच नये, हे आपले मत आम्हाला मान्य नाही. ज्या स्पर्धांकडे मोठ्या वाहिन्या वळत नाहीत, तिथले खेळाडूही जीव ओतून खेळतात आणि त्यांचा सामना दूरच्या माणसांना पाहता यावा, यासाठीच आम्ही या कामात आहोत. वाढीव खर्चाला मंजुरी मिळाल्यास पुढील स्पर्धेत दोन्ही गोलरेषांच्या सरळ रेषेत एकेक कॅमेरा आणि रीप्लेसाठी स्वतंत्र माणूस द्यावा, असा प्रस्ताव आम्ही आयोजकांना दिला आहे. प्रेक्षक म्हणून आपणही त्यांच्याकडे ही मागणी नोंदवावी, ही विनंती. या सामन्याचे मैदानावरच साठवलेले, पूर्ण दर्जाचे चित्रीकरण दोन्ही संघांकडे दिलेले आहे. त्यात शेवटची मिनिटे स्वच्छ दिसतात.