जस्त आधी घासून काढा
सर्व्हर रॅक, म्हणजे कॉम्प्युटर ठेवायची लोखंडी चौकट, वापरून घरी बीअर बनवायचा स्टँड कसा करायचा त्यावरचा लेख वाचला, फार आवडला. आम्हीपण इथे ओहायोत भंगारात निघालेले दोन रॅक आणून असाच तीन मजली केलाय, वर गरम पाणी, मधे मॅश (गरम पाण्यात भिजवलेलं भरडलेलं माल्ट), खाली उकळायचं भांडं, पंप लागतच नाही सगळं आपोआप खाली उतरतं. १९ इंची रॅकमधे आतली जागा पावणेअठरा इंच मिळते, त्यामुळे साडेपंधरा गॅलनचा केग, म्हणजे बीअरचं स्टीलचं पिंप, आरामात बसतो. पण लेखात सरळ वेल्डिंग करा असं लिहिलंय ते वाचून राहवलं नाही. आमच्या रॅकच्या खालच्या पट्ट्यांवर जस्ताचा मुलामा होता, वेल्डिंग करताना पांढराशुभ्र धूर निघाला आणि रात्री नवऱ्याला हुडहुडी भरून सणसणीत ताप आला. तेव्हा प्लीज, ग्राइंडरने मुलामा पूर्ण घासा, कडेकडेनेपण, आणि काम उघड्यावरच करा. बर्नरजवळचा रंगसुद्धा काढा, तापला की जळतो. आणि दहा गॅलन पाणी म्हणजे नुसतं पाणीच ३८ किलो, तेही कढत आणि डोक्याच्या उंचीवर, नुसत्या स्क्रूवर अजिबात ठेवू नका, खालून अँगलचा आधार द्याच. प्रोपेन बर्नर बंद गॅरेजमधे तर कधीच पेटवू नका, त्यातून निघणाऱ्या विषारी कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो हो.